विंध्य संघातील चुनखडक व डोलोमाइट

मध्य भारतात शोण नदीच्या खोऱ्यात, चित्रकूटच्या परिसरात आणि राजस्थानात चंबळेच्या बाजूस उघडे पडलेले अतिप्राचीन कार्बोनेटी खडक. विंध्य संघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळाच्या खडकांच्या जाड राशीत ते निरनिराळ्या पातळ्यांवर आढळतात. त्यांपैकी बहुतेक महत्त्वाचे थर संघाच्या सर्वांत खालच्या, म्हणजे सेमरी गटात आहेत. सिमेंट व चुना यांचा कच्चा माल म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तथापि भूविज्ञानाच्या इतिहासात त्यांना जे स्थान मिळाले ते त्यांच्या वयाविषयीच्या दीर्घ वादामुळे होय. या खडकांत प्राण्यांचे अवशेष सापडल्याची घोषणा गेल्या शतकात एकाहून अधिक वेळा झाली व प्रत्येक वेळी खडकाचे वय अवशेषांच्या ओळखीवरून ठरवावे की ओळखच वयावरून तपासून घ्यावी, हा प्रश्न उभा राहिला. त्याचा बराचसा उलगडा २००९ साली झाला. पृथ्वीवरील पहिले प्राणी केव्हा अवतरले, या मूलभूत प्रश्नाशी हा वाद जोडलेला असल्याने त्याचे पडसाद भारताबाहेरही उमटले.

विस्तार व स्तरक्रम : विंध्य संघाचे दृश्यांश सु. एक लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेले असून पूर्वेस बिहारमधील सासाराम–रोहतासपासून पश्चिमेस राजस्थानातील चितोडगढपर्यंत ते एखाद्या मोठ्या कमानीसारखे दिसतात. या कमानीच्या पोटात बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट आहे. उत्तरेस हे खडक गंगेच्या गाळाखाली जातात, तर नैर्ऋत्येस दक्षिण ट्रॅपच्या लाव्हा थरांखाली दिसेनासे होतात. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग ज्या बेसाल्टाने व्यापला आहे त्याच्याच उत्तर कडेखाली विंध्य संघाचा काही भाग गाडला गेलेला आहे, असा याचा अर्थ होतो. संघाची एकूण जाडी चार हजार मी. हून अधिक भरते. सेमरी, कैमूर, रेवा व भांडेर असे त्याचे चार गट खालून वर या क्रमाने मानतात. वरच्या तीन गटांत वालुकाश्म व शेल यांचेच प्राबल्य असून भांडेर चुनखडक हा त्यांतील ठळक अपवाद होय.

सेमरी गटात मात्र कार्बोनेटी खडकांची रेलचेल आहे. शोण खोऱ्यात तळाकडे कजराहट चुनखडक, त्यावर देवनार पोर्सेलनाइट, मग कोलदहा शेल, सलखन चुनखडक, चोरहट वालुकाश्म, रामपूर शेल आणि माथ्याशी रोहतास चुनखडक असा स्थूल क्रम आहे. चित्रकूटजवळ, म्हणजे द्रोणीच्या उत्तर काठावर, ही रास पुष्कळ पातळ झालेली आहे. तेथे ग्रॅनाइटाच्या झिजलेल्या पृष्ठावर थोडासा वालुकाश्म व त्यावर लगेच तिरोहन डोलोमाइट दिसतो. त्याच्या वर कैमूर वालुकाश्म विसंगतपणे बसलेला आहे.

या खडकांची एक गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात हमखास संभ्रम उत्पन्न करते. त्यांना फारशा घड्या पडलेल्या नाहीत व त्यांचे रूपांतरणही झालेले नाही. थर बहुधा आडवे वा किंचित कललेले असून वालुकाश्मांवर लाटांच्या वळ्या व शेलांवर चिखल वाळल्याच्या भेगा कालपरवा पडल्यासारख्या स्पष्ट दिसतात. हिमालयातील कितीतरी तरुण खडक यांच्यापेक्षा जुनाट व पिचलेले वाटतात. बाह्य रूपावरून वय ओळखण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

खडकांचे स्वरूप : चुनखडकात कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट हे प्रमुख खनिज असते, तर डोलोमाइटात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे दुहेरी कार्बोनेट असते. फ्रेंच भूवैज्ञानिक दोलोम्य यांच्या नावावरून खनिजाला व पुढे खडकालाही हे नाव मिळाले. थंड, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला की, चुनखडक जोराने फसफसतो. डोलोमाइट जेमतेम बुडबुडे सोडतो किंवा चूर्ण केल्यावरच प्रतिसाद देतो. क्षेत्रावर काम करणारे भूवैज्ञानिक आजही हीच साधी कसोटी वापरतात. डोलोमाइटाचा पुष्कळसा भाग मूळ चुनायुक्त गाळातील कॅल्शियमाची जागा मॅग्नेशियमाने घेतल्यामुळे बनलेला असतो. आजच्या समुद्रांत डोलोमाइट अत्यल्प तयार होतो, प्राचीन खडकांत मात्र त्याचे विपुल साठे आहेत. असे का, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सेमरी गटात दोन्ही प्रकार आहेत. रोहतास चुनखडक करडा, अतिसूक्ष्म कणांचा व पातळ पटलांचा असून त्यात मॅग्नेशियम कमी असते. शांत पाण्यात हळूहळू साचलेल्या गाळाची ही लक्षणे आहेत. सलखन व तिरोहन हे थर पुष्कळसे डोलोमाइटी असून त्यांत स्ट्रोमॅटोलाइट विपुल आहेत. सायनोबॅक्टेरिया (पूर्वी यांना नीलहरित शैवले म्हणत) उथळ पाण्यात चिकट चादरींसारखे वाढतात, त्यांवर गाळाचे कण अडकतात, सूक्ष्मजीव पुन्हा वर सरकून नवी चादर पसरतात आणि अशा रीतीने पटलांवर पटले चढून घुमट, स्तंभ व शंकू यांच्या आकाराच्या रचना तयार होतात. आडव्या छेदात त्या झाडाच्या खोडाच्या कापासारख्या किंवा उभ्या चिरलेल्या पत्ताकोबीसारख्या दिसतात. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सलखन येथे अशा वर्तुळांनी भरलेले खडक सु. २५ हेक्टर क्षेत्रात पाहावयास मिळतात. ते क्षेत्र २००२ मध्ये जीवाश्म उद्यान म्हणून राखण्यात आले. स्ट्रोमॅटोलाइटांची अशी निर्वेध वाढ चादरी कुरतडणारे प्राणी नसलेल्या समुद्रात सहज शक्य होती, हे पुढील वादाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नामकरण व सर्वेक्षण : या खडकांना विंध्य हे नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डॅम यांनी १८५६ मध्ये दिले. त्यानंतर एच्. बी. मेडलिकॉट यांनी बुंदेलखंडातील व एफ्. आर्. मॅलेट यांनी वायव्य आणि मध्य प्रांतांतील विंध्य खडकांचे वर्णन केले. मॅलेट यांचा १८६९ चा वृत्तांत दीर्घकाळ आधारभूत मानला जाई. १९३३ साली जे. बी. ऑडेन (इंग्रज कवी डब्ल्यू. एच्. ऑडेन यांचे हे बंधू) यांनी मिर्झापूर जिल्ह्यातील शोण खोऱ्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सलखनच्या स्ट्रोमॅटोलाइटांची नोंदही त्यांच्याच कामात आढळते. दरम्यान टी. एच्. हॉलंड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कडप्पा, विंध्य इ. जीवाश्महीन समजल्या जाणाऱ्या खडकांसाठी ‘पुराण’ ही संज्ञा सुचविली. शब्द संस्कृत, पण हेतू व्यावहारिक होता. जीवाश्म नसल्याने यूरोपीय कालश्रेणीत ज्यांना जागा देता येत नव्हती अशा खडकांची तेवढ्यापुरती सोय त्यामुळे लागली. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील पैनगंगा चुनखडक दिसण्यात यांच्यासारखेच असून त्यांचाही समावेश पुराण खडकांत करण्यात येतो.

तिरोहन हे नाव मराठी वाचकांना वेगळ्या कारणासाठी कुतूहलाचे वाटेल. कर्वीलगतचे तरौहान हे गाव इंग्रजी लिखाणात तिरोहन या रूपानेही येते. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक बंधू अमृतराव यांच्या शाखेची जहागीर येथे होती. त्यांचे पुत्र विनायकराव यांनी बांधविलेली गणेशबाग ही वास्तू कर्वीस आजही उभी आहे. जवळच मंदाकिनीच्या काठी चित्रकूट हे तीर्थक्षेत्र आहे. तेथील गुप्त गोदावरी ही गुहा याच कार्बोनेटी खडकात पाण्याच्या विद्रावक क्रियेने कोरली गेली आहे. नाशिकची गोदावरी येथे गुप्तपणे प्रकट होते अशी श्रद्धा आहे. गुहेतून वाहणारे पाणी चुनखडकाच्या प्रदेशात सर्वत्र आढळणाऱ्या भूमिगत प्रवाहांपैकीच एक होय. मंदाकिनीच्या काठावरील जानकीकुंड या घाटाजवळच्या खडकांनी २००६ नंतर जगभरच्या पुराजीववैज्ञानिकांचे लक्ष वेधून घेतले.

उपयोग : रोहतास चुनखडकातील मॅग्नेशियमाचे अल्प प्रमाण सिमेंटाच्या दृष्टीने मोलाचे ठरले. सिमेंटात मॅग्नेशियम ऑक्साइड मर्यादेबाहेर गेले, तर ते बांधकाम कठीण झाल्यानंतर सावकाश फुगते व तडे जातात. म्हणून डोलोमाइट या कामी टाळावा लागतो. तो पोलाद कारखान्यांत अभिवाह व उच्चतापसह पदार्थ म्हणून वापरतात. भारतात पोर्टलंड सिमेंटाचे यशस्वी उत्पादन १९१४ नंतर पोरबंदर, कटनी व लाखेरी येथे सुरू झाले. यांपैकी कटनी व बुंदी जिल्ह्यातील लाखेरी ही दोन्ही ठिकाणे विंध्य चुनखडकावर आहेत. पुढे कैमोर, सतना, मैहर, चुर्क अशी कारखान्यांची मालिकाच या पट्ट्यात उभी राहिली. खाणींमुळे खडकांचे नवे पृष्ठभाग उघडे पडले. पुढे उल्लेखिलेल्या जीवाश्मांपैकी काहींचा शोध कटनीच्या परिसरातलाच आहे.

जीवाश्मांचा पूर्वेतिहास : पुराण खडक जीवाश्महीन आहेत, ही समजूत फार काळ निर्विवाद राहिली नाही. मध्य प्रदेशातील नीमचजवळ रामपुरा येथील सुकेत शेलांत एच्. सी. जोन्स यांना १९०९ च्या सुमारास काही मिमी. व्यासाच्या काळ्या चकत्या आढळल्या. १९३५ मध्ये मेलबर्नचे एफ्. चॅपमन यांनी त्या आदिम ब्रॅकिओपॉड प्राण्यांच्या शिंपा असल्याचे प्रतिपादून एका वंशाला फर्मोरिया असे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल्. एल्. फर्मर यांचा तो गौरव होता. ब्रॅकिओपॉड म्हटले म्हणजे खडक कँब्रियन किंवा त्यानंतरचा, हे ओघानेच आले. परंतु शिंपेला असावीत अशी स्नायूंची खूण, बिजागरी वा कवचाचा पदार्थ यांपैकी काहीच त्या चकत्यांत दाखविता आले नाही. आज त्यांना चुआरिया या कार्बनी, शैवालसदृश जीवाश्मात समाविष्ट करतात व तो कँब्रियनच्या पुष्कळ आधीच्या खडकांतही आढळतो.

रोहतास चुनखडकातील गोष्टही अशीच आहे. ई. जे. बीर यांनी १९१९ मध्ये त्यातील एका सर्पिल ठशाविषयी छोटे टिपण लिहिले. त्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९७७ मध्ये कटनीजवळच्या तशाच ठशांचे वर्णन के. के. टंडन व सुरेंद्र कुमार यांनी वलयी कृमी म्हणून केले व त्यांना काटनिया असे नाव दिले. पुढे १९९५ मध्ये सुरेंद्र कुमार यांनीच त्या ठशांचा पुन्हा विचार करून ते ग्रिपानिया या फितीसारख्या, गुंडाळलेल्या शैवालसदृश जीवाचे असल्याचे म्हटले. स्वतःच्या नावाने रूढ झालेला प्राणी स्वतःच मागे घेण्याची अशी उदाहरणे विज्ञानात अपेक्षेपेक्षा कमी आढळतात.

वय मोजण्याचे प्रयत्नही सुरू होते. १९६०–७० या दशकात सोव्हिएट शास्त्रज्ञांनी ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजावर पोटॅशियम–अर्गॉन पद्धत वापरून सेमरी गटासाठी सु. १११ कोटी वर्षे असा आकडा दिला. ग्लॉकोनाइटातून अर्गॉन वायू निसटू शकतो व त्यामुळे वय प्रत्यक्षापेक्षा कमी भरते, ही या पद्धतीची मर्यादा होय. असे असले तरी हा आकडा कँब्रियनच्या (सु. ५३.९ ते ४८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाच्या) दुप्पट होता. शिवाय पन्नाजवळील मझगवाँ येथील हिरेयुक्त नळीने कैमूर वालुकाश्माला भेदले आहे व तिचे वय सु. १०७ कोटी वर्षे निघाले. भेदणारा खडक भेदलेल्या खडकाहून तरुणच असला पाहिजे. तेव्हा कैमूरच्या खाली असलेला सेमरी गट याहून जुना असणे क्रमप्राप्त होते.

१९९८ चा वाद : अशा परिस्थितीत १९९८ च्या ऑक्टोबरात परस्परविरोधी दोन निष्कर्ष जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. जर्मन पुराजीववैज्ञानिक आडोल्फ झाइलाखर, जादवपूर विद्यापीठाचे प्रदीप बोस व फ्रीड्रिख फ्लूगर यांनी चोरहट वालुकाश्मावरील नागमोडी खोबणी ही कृमींनी गाळाखाली केलेली बिळे असून ती शंभर कोटी वर्षांहून जुनी आहेत, असे ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात मांडले. ते खरे असेल, तर प्राण्यांचा इतिहास एकदम दुप्पट लांबणार होता. त्याच सुमारास डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील आर्. जे. आझमी यांनी ‘जर्नल ऑफ द जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’मध्ये रोहतास चुनखडकातून सूक्ष्म कवचयुक्त जीवाश्म व ब्रॅकिओपॉड मिळाल्याचे जाहीर केले. असे जीवाश्म कँब्रियनच्या प्रारंभाचे निदर्शक मानले जातात. रोहतास चुनखडक चोरहट वालुकाश्माच्या वर आहे. तो जर सु. ५४ कोटी वर्षांचा, तर खालचा वालुकाश्मही त्याच्याच आगेमागे साचला असणार. म्हणजे झाइलाखर यांची बिळे खरी असली, तरी त्यांत नवल उरत नव्हते.

आझमी यांच्या निष्कर्षाला तीव्र विरोध झाला. त्यांनी सांगितलेल्या थरांतून इतरांनी नमुने गोळा केले, पण त्यांना तसे जीवाश्म मिळाले नाहीत. हे आकार अजैव असावेत असे काहींचे मत पडले, तर काहींनी नमुन्यांच्या विश्वासार्हतेविषयीच शंका बोलून दाखविली. कार्बोनेटी खडक विरल ॲसिटिक अम्लात विरघळवून उरलेल्या साक्यात सूक्ष्मजीवाश्म शोधावे लागतात. या कामात बाहेरच्या कणांची सरमिसळ होण्याची धास्ती नेहमीच असते व पुष्कळदा अनेक किग्रॅ. खडक विरघळवूनही हाती काही लागत नाही. त्यामुळे ‘मला मिळाले नाही’ हा पुरावा ‘तेथे नाहीच’ या पुराव्याइतका बळकट नसतो. वादाच्या भरात हे भान दोन्ही बाजूंना राहिले नाही, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

झिर्कॉनांची साक्ष : निर्णायक मोजमाप २००२ मध्ये आले. सेमरी समुद्रात साचलेल्या गाळात ज्वालामुखी राखेचे थर आहेत. पोर्सेलनाइट हा चिनी मातीच्या भांड्यासारखा दिसणारा कठीण खडक म्हणजे सिलिकेने घट्ट झालेली राखच होय. राखेत झिर्कॉनाचे सूक्ष्म स्फटिक असतात. स्फटिक बनताना त्यात युरेनियम सहज शिरते, शिसे मात्र जवळजवळ शिरत नाही. त्यामुळे पुढे त्यात जे शिसे सापडते ते युरेनियमाच्या किरणोत्सर्गी क्षयातूनच आलेले असते. युरेनियम (२३८) चा अर्धायुकाल सु. ४४६.८ कोटी वर्षे व युरेनियम (२३५) चा सु. ७०.४ कोटी वर्षे आहे. म्हणजे एकाच स्फटिकात दोन स्वतंत्र घड्याळे चालू असतात आणि ती परस्परांशी ताडून पाहता येतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील ज्योतिरंजन राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनार पोर्सेलनाइटातील झिर्कॉनांवरून सु. १६३.१ कोटी वर्षे हे वय काढले. बर्गर रास्मुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चोरहट वालुकाश्माच्या खालील व वरील राखेच्या थरांसाठी अनुक्रमे १६२.८ व १५९.९ कोटी वर्षे असे आकडे दिले. त्यांतील अनिश्चितता प्रत्येकी सु. ०.८ कोटी वर्षांची होती. पुढच्या दोन वर्षांत खुद्द रोहतास चुनखडकाच्या शिसे समस्थानिकांवरूनही सु. १६० कोटी वर्षांचेच आकडे मिळाले.

याचा परिणाम चमत्कारिक झाला. आझमी यांच्या विरोधकांचे म्हणणे खरे ठरले असले, तरी झाइलाखर यांच्या बिळांनाही त्याचा लाभ झाला नाही. शंभर कोटी वर्षांचे कृमी ही कल्पना धाडसी होती, एकशेसाठ कोटी वर्षांचे कृमी मात्र बहुतेकांना अशक्यच वाटले. त्यामुळे त्या खोबणी सूक्ष्मजीवांच्या चादरी सुरकुतल्याने, फाटल्याने वा त्यांतून वायू निसटल्याने झाल्या असाव्यात, या स्पष्टीकरणाकडे कल वाढला.

आझमी यांनी माघार घेतली नाही. राखेतील झिर्कॉन अधिक जुन्या खडकांतून वाहून आलेले असू शकतात, हा आक्षेप घेण्यास जागा होती. २००६ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकूटच्या तिरोहन डोलोमाइटातून आणखी जीवाश्म प्रसिद्ध केले. त्यांत वलयांकित नळ्या, तंतू व प्राण्यांच्या भ्रूणांसारखे गोल होते. या खेपेस ते फॉस्फेटी खडकात होते आणि त्यामुळे पडताळणी शक्य झाली.

चित्रकूटचा उलगडा : स्टॉकहोम येथील स्वीडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील स्टेफान बेंग्टसन यांनी सहकाऱ्यांसह जानकीकुंड येथील फॉस्फेटी स्ट्रोमॅटोलाइटयुक्त डोलोमाइटाचे नव्याने नमुने घेतले व २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळ्या होत्या, तंतू होते, भ्रूणांसारखे गोलही होते. आझमी यांनी जे पाहिले ते खरोखरच खडकात होते. मात्र यांतील एकही आकार केवळ कँब्रियनमध्येच आढळणाऱ्या जीवाचा ठरला नाही. ‘भ्रूण’ तर जीवाश्मच नव्हते. सायनोबॅक्टेरियांच्या बुळबुळीत चादरींत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांभोवती फॉस्फेटाचे कवच बसून ते तयार झाले होते. बहुकोनी नक्षीमुळे ते पेशींच्या पुंजक्यासारखे दिसत. त्यांनी वय काढले ते शेजारच्या राखेवरून नव्हे, तर जीवाश्म ज्यात आहेत त्याच फॉस्फोराइटावरून. शिशाच्या समस्थानिकांनी ते १६५ ± ८.९ कोटी वर्षे दाखविले. झिर्कॉनांविरुद्धच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर संभवत नव्हते. जीवाश्म खरे, पण अपेक्षेहून शंभर कोटी वर्षांनी जुने, असा हा निकाल होता. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर व अर्धे चूक ठरले. नमुन्यांवर घेतलेल्या संशयाचे निराकरण व्हायला एक तप लागले.

फॉस्फेट हे या जतनाचे मुख्य कारण आहे. गाळ मऊ असतानाच कॅल्शियम फॉस्फेट पेशींच्या भोवती व आतही बसले आणि नंतरच्या दाबाने त्या चेपल्या गेल्या नाहीत. एरवी एवढ्या जुन्या जीवांचा शेलावर उमटलेला सपाट ठसा तेवढा मिळतो. स्वित्झर्लंडमधील सिंक्रोट्रॉनाच्या क्ष-किरणांनी हे जीवाश्म न फोडता आतून पाहता आले. २०१७ मध्ये बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी त्यांतील तीन रूपांना नावे दिली. तंतुरूप जीवाला आझमी यांच्या सन्मानार्थ राफाताझमिया चित्रकूटेन्सिस, मांसल पिंडांच्या जीवाला चित्रकूटनिवासी रामाच्या नावावरून रामाथॅलस लोबॅटस, आणि नाण्यांच्या चळतीसारख्या दिसणाऱ्या वलयांकित नळ्यांना डेनारिसियॉन मेंडॅक्स. यातील शेवटच्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘फसवा’ असा आहे. पूर्वी या नळ्यांनी प्राण्यांचा आभास निर्माण केला होता, त्याची ती आठवण असावी.

पहिली दोन रूपे तांबड्या शैवालांची असावीत असे या संशोधकांचे मत आहे. राफाताझमियाच्या पेशींमधील आडव्या पडद्यांच्या मध्यभागी तबकडीसारखी रचना दिसते. तांबड्या शैवालांत शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या छिद्रांत अशाच गुडद्या असतात. पेशींच्या आतील समभुज चौकोनी पिंड हे हरितलवकाचे अवशेष असावेत, असाही तर्क आहे. तो मान्य केला तर तांबड्या शैवालांचा इतिहास त्यापूर्वी ज्ञात असलेल्या, कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातील बँगिओमॉर्फा या जीवाश्माच्या कितीतरी मागे जातो. तथापि एवढ्या दीर्घ काळानंतर पेशीतील अंगके ओळखता येतात काय, याविषयी अनेक तज्ञ साशंक आहेत. पेशीकेंद्रक असलेले बहुपेशीय जीव त्या काळी होते, याला मात्र इतरत्रही दुजोरा मिळाला. उत्तर चीनमधील सु. १६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून क्विंगशानिया या बहुपेशीय तंतुरूप जीवाचे पुरावे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वरच्या गटांचा प्रश्न : सेमरी गटाचे वय निश्चित झाले, तरी भांडेर गटाचे तितके नाही. त्यातील चुनखडकांवरील शिसे समस्थानिकांचे आकडे शंभर कोटी वर्षांच्या आसपास येतात, पण त्यांतील अनिश्चितता वीस कोटींपर्यंत आहे. वालुकाश्मांतील वाहून आलेल्या झिर्कॉनांत शंभर कोटींहून तरुण स्फटिक जवळजवळ न आढळल्याने बरेच संशोधक संपूर्ण संघच शंभर कोटी वर्षांपूर्वी साचून संपला असे मानतात. भांडेर गटात एडियाकारन (सु. ६३.५ ते ५३.९ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील मृदुकाय जीवांसारखे ठसे सापडल्याचे दावे अधूनमधून होत असतात व ते या मताच्या विरुद्ध जातात.

त्यांतील सर्वांत गाजलेला दावा भीमबेटका येथील होय. तेथील एका चित्रगुहेच्या छतावरील पानासारख्या, शिरा असलेल्या आकृतीचे वर्णन भूवैज्ञानिक ग्रेगरी रीटॅलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये डिकिन्सोनिया या एडियाकारन जीवाचा जीवाश्म म्हणून केले. त्यावरून या वालुकाश्माचे वय सु. ५५ कोटी वर्षे धरले गेले व वृत्तपत्रांनी ती बातमी मोठ्या मथळ्यांनी छापली. थोड्याच काळाने फ्लॉरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट सहकाऱ्यांसह तेथे गेले, तेव्हा ती आकृती छतापासून सुटू लागली होती. खडकाचा भाग असलेला ठसा असा सोलून निघत नाही. जवळून पाहता तिच्यात मेणाच्या पोळ्याची षट्‌कोनी घरे दिसली. आग्या मोहोळ कोसळल्यावर छताला चिकटून राहिलेला तो त्याचा कुजका अवशेष होता. आसपासच्या छतांवर ताजी मोहोळेही लटकत होती. मीर्ट यांचा वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रीटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली.